पलटण, मुंबा आणि लिलाव

मी मूळची परळची, नोकरीला हिंजवडीत. त्यामुळे प्रो कबड्डीत यू मुंबा आणि पुणेरी पलटण भिडले की कॅन्टीनमध्ये मी एकटी पडते. २०१५ चं आमचं विजेतेपद काढलं की समोरून २०२४ चं पलटणचं येतं. ‘महाराष्ट्राची लढत’ म्हणून जाहिरात जोरात असते. पण हे खरं वैर नव्हे, शेजाऱ्यांची थट्टा आहे.

वैराला जुन्या जखमा लागतात. आइस हॉकीत मॉन्ट्रियल आणि बॉस्टन बाद फेरीत तीसहून अधिक वेळा भिडलेत. आजोबांचा पराभव नातवाला सलतो. आमचे दोन्ही संघ मात्र अंतिम सामन्यात कधी समोरासमोर आलेच नाहीत. त्यात खेळाडूंचा लिलाव आणि माणसांची इकडून तिकडे ये-जा! आम्हाला करंडक मिळवून देणारा कर्णधार अनुप कुमार पुढे पलटणचा प्रशिक्षक झाला, फजल अत्राचली मुंबाकडून पलटणीत गेला. पोटापाण्यासाठी मीही मुंबई सोडलीच, त्यांना काय बोलणार? पण शिव्या घालायच्या तरी कुणाला?

माझं मागणं साधं आहे: चार-पाच खेळाडू दहा वर्षं एकाच संघात राहू द्या आणि ही लढत दर हंगामात एकदा तरी बालेवाडीत ठेवा. वाकडच्या ट्रॅफिकमधून मी येते.