विश्लेषण : घशाच्या कर्करोगाला जबाबदार कोण, धूम्रपान की विषाणू?

‘आयुष्यात कधी सिगारेटला हात लावला नाही, तरी घशाचा कर्करोग झाला,’ अशी उदाहरणे अलीकडे ऐकू येऊ लागली आहेत. त्यावरून दोन सोयीस्कर निष्कर्ष काढले जातात. ओढणारा म्हणतो, न ओढणाऱ्यालाही होतोच, मग सोडून काय उपयोग? न ओढणाऱ्याला वाटते, लाखात एखाद्याला होणाऱ्या गोष्टीची काळजी आपण कशाला करायची? दोन्ही समज चुकीचे आणि घातक आहेत. विषाणू हे या आजाराचे खरे कारण आहे, पण त्यामुळे तंबाखूचा दोष कणभरही कमी होत नाही.

‘घसा’ म्हणजे नेमका कोणता भाग?

बोलीभाषेत ज्याला घसा म्हणतात, त्यात तीन-चार वेगळे भाग येतात. नाकाच्या मागचा वरचा भाग, टॉन्सिल आणि जिभेचे मूळ असलेला मधला भाग, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला खालचा भाग आणि त्याला लागून असलेले स्वरयंत्र. प्रत्येक भागातील कर्करोगाची कारणे सारखी नसतात. स्वरयंत्र आणि खालच्या भागात धूम्रपान व मद्य हे मुख्य गुन्हेगार आहेत. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी मात्र ‘ह्युमन पॅपिलोमा व्हायरस’ म्हणजेच एचपीव्ही या विषाणूची भर पडते. नाकामागच्या भागातील कर्करोगाचा संबंध एपस्टाइन-बार या आणखी एका विषाणूशी आहे. दक्षिण चीनमध्ये आणि आपल्याकडे नागालँडसारख्या ईशान्येकडील राज्यांत तो अधिक आढळतो.

एचपीव्ही घशापर्यंत पोहोचतो कसा?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हाच विषाणू असल्याचे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हौसेन यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. तोच विषाणू मुख्यतः मुखमैथुनातून घशात पोहोचतो. त्याच्या शंभरहून अधिक प्रकारांपैकी घशाच्या कर्करोगात प्रामुख्याने १६ क्रमांकाचा प्रकार सापडतो. संसर्ग झाला म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. बहुतेकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत विषाणूला हुसकावून लावते. थोड्या जणांमध्ये तो ठाण मांडतो आणि कर्करोग दिसायला त्यानंतर कित्येक वर्षे, अनेकदा दशके लागतात. त्यामुळे निदान झाल्यावर जोडीदाराच्या चारित्र्याचा हिशेब मांडणे निरर्थक आहे. संसर्ग कधी आणि कुणाकडून झाला, हे सांगता येत नाही.

तंबाखू आणि विषाणू यांच्या कामाची पद्धत वेगळी आहे का?

पेशीत बिघाड झाला की तिची वाढ रोखणारे ‘पी ५३’ नावाचे एक प्रथिन असते. त्याला पेशीचा पहारेकरी म्हणता येईल. तंबाखूच्या धुरात हजारो रसायने असतात आणि त्यांतील किमान ७० कर्करोगकारक आहेत. ती या प्रथिनाचा जनुकच बिघडवतात. एचपीव्ही जनुकाला हात लावत नाही, पण तयार झालेले प्रथिन नष्ट करतो. परिणाम एकच, पहारा उठतो. मात्र विषाणूजन्य कर्करोगात मूळ जनुक शाबूत राहतो. अशा गाठी किरणोपचाराला अधिक चांगला प्रतिसाद देतात, त्याचे हे एक कारण मानले जाते.

मग विषाणूमुळे झालेला कर्करोग ‘बरा’ म्हणायचा का?

तुलनेने हो, पण एका अटीवर. अमेरिकेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एचपीव्ही असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८२ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. एचपीव्ही नसलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. विषाणूजन्य कर्करोगाचा रुग्ण दीर्घकाळ धूम्रपान करणारा असेल, तर त्याला मिळणारा फायदा घटतो. प्रत्येक वाढत्या वर्षाच्या धूम्रपानाबरोबर मृत्यूचा धोकाही वाढत जातो. धूम्रपान करणाऱ्यांच्या तोंडात एचपीव्हीचा संसर्गही अधिक आढळतो. म्हणजे सिगारेट स्वतः कर्करोग घडवते आणि विषाणूलाही हातभार लावते. सोबत मद्य असेल तर धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, तो कित्येक पटींनी वाढतो.

भारतात चित्र कसे आहे?

अमेरिकेत टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या कर्करोगांपैकी ६० ते ७० टक्के एचपीव्हीशी निगडित असल्याचे मानले जाते. भारतात हे प्रमाण बरेच कमी आहे. येथे तंबाखूचे ओझेच इतके मोठे आहे की त्यापुढे विषाणू झाकला जातो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात. धूम्रपान करणाऱ्यांत सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जवळपास दुप्पट आहेत. महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा चघळण्याचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. म्हणूनच आपल्याकडे तोंडाचा कर्करोग इतका दिसतो. 

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा घेतलेला निर्णय अनाकलनीय आहे. सोलापूर, गोंदियासारख्या जिल्ह्यांतील बिडी कामगार महिलांच्या रोजगाराचा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर पर्यायी रोजगार हे आहे, ओढणाऱ्यासाठी बिडी स्वस्त ठेवणे हे नव्हे. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, या समजाला कोणताही वैद्यकीय आधार नाही.

लस फक्त मुलींसाठीच का?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्वाव्हॅक’ ही लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. १६ क्रमांकाच्या प्रकारापासून ती संरक्षण देते आणि मुलग्यांनाही देता येते. तरीही २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात उल्लेख झाला तो ९ ते १४ वर्षांच्या मुलींचाच, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. मर्यादित निधीत मुलींना अग्रक्रम देणे योग्यच आहे. पण हा ‘बायकांचा आजार’ आणि ‘बायकांची लस’ आहे, असा समज रुजू देणे योग्य नाही. ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये आणि ब्रिटनने २०१९ मध्ये मुलग्यांनाही लसीकरणात सामावून घेतले. ज्या घरांना परवडते, त्यांनी मुलाच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारायला हवे. लस संसर्गाआधी दिली तरच पूर्ण उपयोगी पडते. असलेला कर्करोग ती बरा करत नाही आणि तंबाखूपासून तर मुळीच वाचवत नाही.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष नको?

तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, गिळताना एकाच बाजूला दुखणे, घसा व कान एकाच बाजूला ठणकणे, थुंकीतून रक्त आणि मानेत न दुखणारी गाठ. विषाणूजन्य कर्करोगात अनेकदा ही गाठ हेच पहिले लक्षण असते. आपल्याकडे मानेची गाठ म्हटले की आधी क्षयरोग आठवतो. तो असूही शकतो, पण सुईने नमुना घेऊन तपासल्याशिवाय महिनोन्‌महिने औषधे घेत राहणे धोक्याचे आहे. गर्भाशयमुखासाठी आहे तशी चाळणी चाचणी घशासाठी अद्याप नाही. त्यामुळे ‘मी ओढत नाही, मला कसा होईल’ हा विचार रुग्णाने आणि डॉक्टरांनीही सोडायला हवा.

आणि जो ओढतो, त्याने ती सवय सोडायला हवी. सोडल्यानंतर पाच ते दहा वर्षांत तोंड, घसा व स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर येतो. उपचार सुरू झाल्यावर सोडली तरी फायदा होतो, कारण किरणोपचार अधिक परिणामकारक ठरतो. त्यासाठी मदत करणारा १८००-११-२३५६ हा नि:शुल्क क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. विषाणूचा संसर्ग कधी झाला, हे कुणालाच कळत नाही. पुढची सिगारेट पेटवायची की नाही, हे मात्र ओढणाऱ्याच्याच हाती असते.