जाकीट भिजते, दोष कारागिराला!

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की धारावीतल्या चामड्याच्या बाजारात एक तक्रार हमखास येते. मोटारसायकलवर भिजलेले जाकीट चार दिवसांत ताठ होते, रंग उतरतो, बगलेत पांढरी बुरशी धरते. गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडते, आणि काही दुकानदार ते जाकीट कारागिरापुढे टाकून त्याची मजुरी कापतात. हे आम्हाला न्यायाचे वाटत नाही.

कातडे कमावताना त्यात तेल मुरवलेले असते, म्हणून ते मऊ राहते. चिंब भिजून सुकताना हे तेल कमी होते. त्यात कोणी ते कडक उन्हात टाकले किंवा इस्त्री फिरवली, तर कातडे आकसते. यात शिवणाऱ्याचा काय दोष? मात्र कच्चा सुती दोरा आणि गंजणारी चेन लावली असेल, तर तो दोष आपला. तो आपण कबूल केलाच पाहिजे.

आमचे म्हणणे इतकेच की, विकतानाच खरे सांगावे. हा रेनकोट नव्हे. पावसात यावरून रेनकोट घाला. भिजलेच तर कोरड्या फडक्याने टिपा, रुंद हँगरवर सावलीत सुकवा, मग चामड्याचे क्रीम लावा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. बिलाच्या मागे एवढे छापायला खर्च तो किती?

'वॉटरप्रूफ आहे' असे सांगून एखादे जाकीट जास्त खपेल. पण ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही.