मोर्चाला रिकाम्या हाताने या



विळा, कोयता, कुऱ्हाड नाही असे शेतकऱ्याचे घर नांदेड-लातुरात सापडायचे नाही. ज्वारी काढायला विळा, पऱ्हाटी तोडायला कुऱ्हाड, रात्री रानडुकरे हाकायला काठी. ही शस्त्रे आहेत काय?

कायदा म्हणतो, नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्याने निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. लाठीचे आणि साध्या हातकाठीचे तर तिथे नावच घेतले आहे. तलवार, गुप्ती, भाला यांची गोष्ट वेगळी. घरकामाचा किंवा शेतीचा नसलेला, ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याचा सुरा शस्त्रांच्या यादीत येतो. तलवारीने वाढदिवसाचा केक कापून फोटो मोबाईलवर फिरवणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल होतात ते याच कायद्याखाली. नांदेडात शीख बांधवांच्या कमरेला कृपाण दिसते. त्याला घटनेच्या २५ व्या कलमाची मान्यता आहे. त्याचा दाखला देऊन आपल्याला जत्रेत तलवार मिरवता येणार नाही.

मग काठी-कोयता घेऊन कुठेही जावे काय? इथेच शेतकरी फसतो. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या कलम ३७(१) खाली जिल्हादंडाधिकारी मनाई हुकूम काढतात. सण आले, निवडणूक आली, आंदोलनाची हाक दिली की हा हुकूम निघतो. मग सार्वजनिक जागी लाठी, काठी, चाकू, जमवलेले दगड, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी. पुतळ्याचे प्रदर्शनही त्यातच येते. एका कायद्याने जी लाठी शस्त्र नाही, तीच दुसऱ्या कायद्याने त्या दिवशी गुन्हा ठरते. शिक्षा एक वर्षापर्यंत. खास कारण नोंदवल्याशिवाय न्यायालयाला चार महिन्यांपेक्षा कमी देता येत नाही, वर दंड.

मोर्चाची गोष्ट याहून गंभीर आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तत्त्व जुनेच आहे. पाच किंवा अधिक माणसांचा जमाव बेकायदेशीर ठरला आणि त्यात कुणाच्या हाती प्राणघातक हत्यार असले, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येकजण दोषी. हजार माणसांत एकाने कोयता उगारला तर बाकीच्यांनी वर्षानुवर्षे तालुक्याच्या कोर्टात खेटे घालायचे. पोराला नोकरी लागायची वेळ आली की चारित्र्य पडताळणीत तोच खटला आडवा येतो.

आणि भावाचे काय? कापसाचा भाव मागायला गेलेला मोर्चा संध्याकाळी जामीन मागत बसतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कोयत्याचा फोटो येतो, कापसाच्या भावाची एक ओळही येत नाही. ज्यांना आपल्याशी बोलायचे नाही, त्यांच्या हाती आपणच निमित्त देतो.

तेव्हा गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. कार्यक्रमाच्या आधी पोलीस ठाण्यात जाऊन मनाई हुकूम लागू आहे काय, कोणत्या तारखेपर्यंत आहे, कुणाला सूट आहे हे वाचून यावे आणि गावात सांगावे. म्हाताऱ्या माणसाच्या आधाराच्या काठीला अशा हुकुमात सहसा सूट असते, तरी खात्री करावी. मोर्चाच्या ट्रॅक्टरमध्ये, बैलगाडीत कुऱ्हाड-कोयता राहिला नाही ना, हे निघण्यापूर्वी बघावे. झेंड्याला जाड दांडका लावू नये. बाजाराच्या दिवशी लोहाराकडे हत्यार शेवटायला न्यायचे तर पोत्यात गुंडाळून, बांधून न्यावे. हातात मोकळे धरून गावातून फिरू नये. पोलिसाने अडवले तर हुज्जत न घालता काम सांगावे. वस्तू जप्त केलीच तर पंचनामा मागावा, आणि वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये.

विळ्याची जागा ज्वारीच्या ताटाशी आहे. रस्त्यावर आपल्याजवळ संख्या आहे आणि हिशेब आहे. उत्पादन खर्चाचा तो हिशेब खरा आहे. तो मांडायला हातात काठी लागत नाही.