रात्रीच्या ओलिताला जाताना हातात काय?

हरभऱ्याचं ओलीत चालू आहे. या आठवड्यात लाईट रात्रीची, म्हणजे जेवण करून निघायचं आणि पहाटे घरी यायचं.

मागच्या रब्बीत माझ्या चुलतभावाला नाल्याच्या काठी अस्वलानं धरलं. डोक्याला, गालाला टाके पडले. एका डोळ्यानं आता अंधुक दिसतं. तेव्हापासून पारावर एकच विषय : बंदुकीचा परवाना काढायचा का? माझं मत लिहितो, पटलं तर घ्या.

माझा भाचा अमेरिकेत अलास्कात नद्यांच्या सर्व्हेच्या कामावर आहे. तिकडची तपकिरी अस्वलं आपल्या अस्वलापेक्षा कितीतरी मोठी, नर चारशे किलोच्या पुढंही जातो. रानात जाणारे लोक कमरेला रिव्हॉल्व्हर लावतात. फोनवर विचारलं, ‘गोळी कोणती वापरतोस रे?’ तर त्यानं अर्धा तास शिकवणीच घेतली.

माणसापासून बचावाला वापरतात ती पोकळ टोकाची गोळी अंगात शिरली की फुलते आणि लवकर थांबते. अस्वलाची चरबी, जाड स्नायू आणि कवटी यांपुढं तिचं भागत नाही. म्हणून तिकडं ‘हार्ड कास्ट’ घेतात. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ओतलेली कडक गोळी, टोक सपाट. ती फुलत नाही, हाड फोडून सरळ खोल जाते.

मी म्हटलं, ‘मग सगळ्यात जोरदार घ्यायची, संपलं.’ तो म्हणाला, ‘मामा, तिथंच लोक फसतात.’ फार जोराच्या गोळीचा झटका एवढा की पहिल्या बारानंतर हात वर उडतो आणि दुसरा बार होईपर्यंत अस्वल अंगावर. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर त्या झटक्यानं बाकीच्या गोळ्या केसातून पुढं सरकतात आणि चक्र अडकतं. काही पिस्तुलांच्या मूळ नळीत नुसत्या शिशाची गोळी चालवू नका, असं कंपनीच सांगते. म्हणून त्यानं एक पायरी कमी जोराची गोळी घेतली, आपल्याच हत्यारातून भरपूर उडवून पाहिली, मगच कमरेला लावली. आणि छातीवर, हात पटकन जाईल अशा जागी, अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा.

त्याचा हिशेब मला पटला. वस्तू किती ताकदीची, हा प्रश्न दुसरा. घाबरलेला हात ती दोन सेकंदांत वापरू शकतो का, हा पहिला.

अलास्कातल्या नोंदींवर अभ्यासही झालेत. २००८ च्या अभ्यासात फवाऱ्यानं तपकिरी अस्वल ९२ टक्के वेळा आवरलं गेलं. २०१२ च्या अभ्यासात हातातल्या छोट्या बंदुकीचं यश ८४ टक्के, लांब बंदुकीचं ७६ टक्के. दोन्हीतले प्रसंग वेगळे, म्हणून आकडे एकाच तराजूत घालू नका. पण दुसऱ्या अभ्यासातली एक गोष्ट लक्षात ठेवा : ज्यांच्याजवळ बंदूक होती, त्यांनी ती वापरली काय अन् न वापरली काय, इजा होण्यात फरक दिसला नाही.

आता आपल्या शिवारात या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला म्हणून जी बंदूक येते ती ठासणीची. एक बार, मग परत दारू ठासत बसा. रिव्हॉल्व्हर म्हणाल तर सामान्य माणसाला परवान्यावर मिळतं ते बहुतेक .३२ बोरचं. भाच्याच्या .४४ मॅग्नमच्या मानानं त्याची ताकद अगदीच तोकडी. अंधारात, चिखलात, एका हातात फावडं धरून त्यानं अस्वल थांबवीन, हा भरवसा मला नाही. जखमी अस्वल तर अजून वाईट. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जिवावर बेतल्यावर स्वतःच्या बचावासाठी केलेला वार गुन्हा धरत नाहीत, हे खरं. पण हत्यार घेऊन मागावर जाणं म्हणजे बचाव नव्हे.

चुलतभावाच्या खांद्यावर कुऱ्हाड होती बरं का. ती खांद्यावरच राहिली. तो बसून दांड फोडत होता, कानात मोबाईलची वायर, बॅटरी खाली ठेवलेली. अस्वल उधई उकरत होतं. त्याला माणूस कळला नाही, माणसाला ते कळलं नाही. दोघं एकदम समोरासमोर. आपल्याकडचे कितीतरी हल्ले असेच, दचकून होतात. म्हणून अस्वलाला आपण लांबूनच कळलो पाहिजे.

माझं आता असं आहे :

• डोक्याला बॅटरी, म्हणजे दोन्ही हात मोकळे. हातात दुसरी मोठी बॅटरी. नाल्यात उतरण्याआधी काठावरून पूर्ण फिरवून बघतो.
• काठीला घुंगरू. धुऱ्यावर काठी आपटत, मोठ्यानं बोलत चालतो. लोक हसतात, हसू द्या.
• कानात काही नाही. झुडपाजवळ बसून काम नाही, उभ्यानं फावड्यानं.
• एकटा जात नाही. आज माझं ओलीत, उद्या शेजाऱ्याचं, दोघं मिळून.
• अस्वल दिसलं तर पळायचं नाही, त्याला वाट ठेवून हळू मागं सरकायचं. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागं, तोंड जमिनीकडं. ते डोकं आणि चेहराच धरतं.

यातलं काही महाग नाही. पण सवय पाहिजे, रोजची. भाचा गोळीचा सराव करतो, तसा आपण आवाज करण्याचा करायचा.

आणि शेवटचं. हे सगळं मलमपट्टी आहे. अस्वलाची वेळ रात्रीची, आपली दिवसाची. आपल्याला त्याच्या वेळेला रानात ढकलते ती रात्रीची लाईट. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. आमच्या फिडरवर ती अजून पोचली नाही. परवान्याच्या अर्जासाठी पारावर जेवढी माणसं जमली, तेवढीच दिवसाच्या लाईटच्या अर्जावर सह्या करायला येऊ द्या. पहिली सही चुलतभाऊ करणार आहे, दुसरी माझी.

आज रात्री नऊला निघतोय. शेजारी सोबत आहे. तुम्हीही एकटे जाऊ नका.