विश्लेषण : ‘आयपीएल’चा बाक की खालच्या स्तरावरील मैदान? तरुण खेळाडूंच्या हिताचे काय?

‘आयपीएल’ लिलावात नाव पुकारले गेले म्हणजे खेळायला मिळेलच, असे नाही. संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू असतात. ‘इम्पॅक्ट प्लेयर’ धरूनही एका सामन्यात 12 जणच खेळतात. उरलेल्यांचे दोन महिने सरावात जातात. त्यापेक्षा खालच्या स्तरावर खेळणे हिताचे की तो कमीपणा?

ऋतुराजची वाटचाल काय सांगते?

पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला चेन्नई सुपर किंग्जने 2019 च्या हंगामासाठी 20 लाखांत घेतले. त्या वर्षी त्याला एकही सामना मिळाला नाही. मात्र हंगाम संपताच जूनमध्ये बेळगावात भारत ‘अ’ संघाकडून त्याने श्रीलंका ‘अ’विरुद्ध नाबाद 187 धावा केल्या. 2020 मध्ये ‘आयपीएल’च्या सुरुवातीच्या डावांत तो अपयशी ठरला, पण अखेरीस त्याने सलग तीन अर्धशतके केली. 2021 मध्ये 635 धावांसह ‘ऑरेंज कॅप’ त्याचीच होती. बाकावरच्या काळाला ‘अ’ संघातील सामन्यांची जोड मिळाली, हे येथे महत्त्वाचे.

‘एमपीएल’मुळे काय बदलले?

2023 मध्ये गहुंजेच्या मैदानावर सहा संघांची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. त्यात नाशिकच्या संघाकडून अर्शिन कुलकर्णीने पुणेरी बाप्पाविरुद्ध 54 चेंडूंत 117 धावा केल्या, 13 षटकार ठोकले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लखनऊ सुपर जायंट्सने त्याला 20 लाखांत निवडले. पुढच्या हंगामात मात्र त्याला मोजकेच सामने मिळाले. म्हणजे दार उघडले, पण आत जागा अपुरीच.

बास्केटबॉलमध्ये काय घडते?

अमेरिकेतील ‘एनबीए’ने 2001 मध्ये विकास लीग सुरू केली. त्यामुळे तरुण खेळाडू हंगाम सुरू असतानाच खाली जाऊन खेळतो आणि गरज पडताच वर येतो. पास्कल सियाकम 2017 मध्ये टोरंटोच्या खालच्या संघाकडून अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला; 2019 मध्ये तो मुख्य संघासह विजेता होता. याउलट, पंजाबच्या सतनाम सिंगला 2015 मध्ये डॅलसने निवडले, पण विकास लीगमध्ये खेळूनही त्याला ‘एनबीए’चा एकही सामना मिळाला नाही.

मग तोटा कधी?

खाली पाठवूनही सामना मिळाला नाही किंवा वर येण्याची वाट नसेल, तर वर्षे वाया जातात. केवळ टी-ट्वेन्टीच खेळत राहिल्यास मोठी खेळी उभारण्याचा, दिवसभर गोलंदाजी करण्याचा सराव सुटतो. तो रणजी सामन्यांतच होतो. ‘एमपीएल’ साधारणपणे ‘आयपीएल’ संपल्यावर भरते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बाकावर बसलेल्याला खाली खेळण्याची सोयच उरत नाही. या दोन महिन्यांत राखीव खेळाडूंचे सामने भरवणे हा त्यावरचा साधा उपाय ठरू शकतो. स्तर कोणता, यापेक्षा सामने किती आणि वर येण्याचा मार्ग खुला आहे का, हेच निर्णायक ठरते.