पाय टेकले, पण मणक्याचं काय?

मागच्या पावसाळ्यात एक तरुण आपल्या आईला घेऊन ओपीडीत आला. आई साठीच्या पुढच्या. मुलाच्या मागे बाइकवर बसलेल्या असताना गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवर जोरात आपटल्या आणि तेव्हापासून त्यांना उठता-बसता येईना. एक्स-रेमध्ये पाठ आणि कंबर जुळते तिथला एक मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला. बोलता बोलता मुलगा म्हणाला, "डॉक्टर, पाय टेकत नव्हते म्हणून मागच्याच महिन्यात छोटे शॉकअप टाकलेत."

सगळा दोष शॉकअपचा नव्हता. आईंची हाडं आधीच ठिसूळ झाली होती. तरीही माझं मत स्पष्ट आहे: पाय टेकावेत म्हणून मागचे शॉकअप छोटे करणं हा चुकीचा उपाय आहे.

गणित काय सांगतं?

उंची कमी असणाऱ्यांची अडचण खरी आहे. सिग्नलला पाय टेकला नाही की तोल जातो. पण छोट्या शॉकअपने हाती किती लागतं ते पाहा. दोन्ही बाजूंना शॉकअप असलेल्या बाइकवर ते २५ मिमीने छोटे केले, तर मागचा भाग साधारण तेवढाच खाली येतो. पुढचं चाक मात्र जागेवरच असतं. चालकाची सीट दोन चाकांच्या मध्ये असल्याने ती जेमतेम १७-१८ मिमी खाली येते, म्हणजे बुटाच्या जाड तळव्याएवढी.

त्या बदल्यात जातं बरंच. अशा बाइकच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला बहुधा ८० ते १०० मिमी जागा असते. त्यातली पाव जागा गेली, तर खड्ड्यात शॉकअप लवकर तळाला लागतो. बाइकचं पोट जमिनीजवळ येतं, वळणावर ती कमी झुकते, हँडल थोडं जड लागतं. हेडलाइट वर उचलला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. साइड स्टँडवर बाइक जास्त सरळ उभी राहते आणि ढकलली गेली तर पडते.

शरीरात काय होतं?

धक्का जितक्या कमी अंतरात थांबतो, तितका तो जोरदार असतो. शॉकअप तळाला लागला की स्प्रिंगचं काम संपतं आणि उरलेला धक्का सीटमधून माकडहाडाकडे, तिथून मणक्यांकडे जातो. मागे बसणारी व्यक्ती जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेली असते, म्हणून तिला सगळ्यात जास्त बसतो. शिवाय तिला खड्डा आधी दिसत नाही, त्यामुळे अंग सावरायला वेळच मिळत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार स्पीड ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गल्लीतले अरुंद, टोकदार उंचवटे तुम्ही रोज पाहताच.

मग करायचं काय?

बाइक घेण्याआधी शोरूममध्ये बसून पाहा. क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिमी उंच आहे, तर मिटिओर ३५० ची ७६५. हा ४० मिमीचा फरक छोट्या शॉकअपने मिळणाऱ्या फरकाच्या दुपटीहून जास्त आहे. बाइक आधीच घेतली असेल तर जाड तळव्याचे बूट वापरा, सीटच्या कडा थोड्या निमुळत्या करून घ्या आणि एकच पाय नीट टेकवून थांबायची सवय लावा. मागे कुणी बसणार असेल तर शॉकअपचा प्रीलोड वाढवा. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, पण दोघांच्या वजनाने खाली बसलेली बाइक पुन्हा वर येते आणि धक्का जिरवायला जागा मिळते.

आणि घरातल्या ज्येष्ठांना मागे बसवून नेताना स्पीड ब्रेकरवर वेग अगदी कमी करा, त्यांना आधी सांगा.

आपटल्यानंतर पाठीच्या मधोमध दुखत असेल तर मलम चोळत बसू नका, एक्स-रे काढून घ्या. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

त्या आईंना बरं व्हायला तीन महिने लागले. मुलाने जुने शॉकअप परत बसवले. पाय आजही पुरते टेकत नाहीत, पण त्याची सवय झाली, म्हणतो.