पिन मागू नका, पद्धत मागा

एका ओढ्याची मी वाट लावली आहे. फोनवरून टाकलेल्या एका पिनने. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी बरंच भांडणार आहे आणि ‘हा कोण मोठा शहाणा’ असं तुम्हाला वाटणार आहे. शहाणा नाही. तोंड भाजलेला आहे.

नोकरीसाठी मेलबर्नला आलो तेव्हा लोक सुट्टीच्या दिवशी सोनं शोधायला जातात हे मला माहीतही नव्हतं. व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना मिळतो. फी किरकोळ, मुदत दहा वर्षं. तो खिशात असला की परवानगी असलेल्या सरकारी जंगलात हाताच्या अवजारांनी खणायचं आणि सापडेल ते सोनं आपलं. मेरीबरो, डनॉली, मोलियागुल हा सगळा पट्टा जुन्या सोन्याचा. मोलियागुलला १८६९ मध्ये ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सत्तर किलोंहून जड गोळा सापडला. जमिनीखाली जेमतेम तीन सेंटीमीटर, झाडाच्या मुळांत. एवढा मोठा तराजू नव्हता, म्हणून डनॉलीत ऐरणीवर ठेवून तो फोडावा लागला. त्याच भागात किंगोवरजवळ १९८० मध्ये सापडलेला सत्तावीस किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ मात्र मेटल डिटेक्टरने सापडला.

अशी गोष्ट ऐकल्यावर कोणता इंजिनिअर घरी बसेल? जुना डिटेक्टर घेतला. तीन महिने खिळे, छर्रे आणि बाटल्यांची झाकणं गोळा केली.

मग तो भेटला. सत्तरीचा, निवृत्त इलेक्ट्रिशियन. मी झाडू मारल्यासारखा डिटेक्टर फिरवतोय हे त्याने लांबून बराच वेळ पाहिलं आणि न राहवून जवळ आला. पुढचे आठ महिने, एक शनिवार आड, त्याने मला शिकवलं. त्यातलं थोडं तुम्हालाही सांगतो.

डिटेक्टरच्या तबकडीतून, म्हणजे कॉइलमधून, विजेचा ठोका जातो आणि थांबतो. त्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि विरत जातात. ते विरणं यंत्र मायक्रोसेकंदांत ऐकतं. अडचण अशी की इथली लाल, लोहयुक्त माती आणि काही दगडसुद्धा ‘बोलतात’. म्हणून आधी कॉइल खालीवर करून यंत्राला त्या जागेच्या मातीची सवय लावायची. मग कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, संथपणे, मागच्या फेरीवर पुढची फेरी चढवत जायचं. हेडफोनमधल्या बारीक गुणगुणीत किंचितही लाट आली तरी थांबायचं. वरचा पालापाचोळा बुटाने सरकवायचा. आवाज हलला तर बहुधा कचरा, जागेवर राहिला तर खणायचं. कुदळीला लोहचुंबक लावलेलं असतं, खिळे त्याला चिकटतात. शिसं चिकटत नाही, सोनंही नाही, आणि दोघांचा आवाज फसवण्याइतका सारखा असतो. म्हणून कंटाळा न करता प्रत्येक आवाज खणायचा. पांढऱ्या गारगोटीचे तुकडे कुठून घरंगळत आले असतील ते उतारावरून वाचायचं. आणि उठण्याआधी खड्डा बुजवायचा. कायदा तसं सांगतोच, पण म्हातारा म्हणायचा, खड्डा उघडा ठेवणाऱ्याला कांगारूची तंगडी मोडल्याचं पाप लागतं.

आता पाहा, हे सगळं मी तुम्हाला दिलं. माझ्याकडून काय कमी झालं? काहीही नाही. उलट लिहिताना माझंच मला नीट कळलं.

नवव्या महिन्यात त्याने मला एक ओढा दाखवला. त्याच्या बापाने त्याला दाखवलेला. तिथे मला पाव ग्रॅमचा, मसुराच्या डाळीएवढा पहिला दाणा मिळाला. त्याच संध्याकाळी मी फोटो आणि लोकेशनची पिन ऑफिसमधल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली. हेतू वाईट नव्हता. आमच्या धंद्याचा धर्मच आहे की माहिती मोकळी हवी. ज्या ओपन सोर्स कोडवर माझी रोजीरोटी चालते, तो कुणीतरी फुकट दिलेला आहे. मग मीही दिलं.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं तिथे गेलो. काठावर चाळीसेक उघडे खड्डे होते. एका झाडाची मुळं उघडी पाडलेली. एनर्जी ड्रिंकचे डबे. त्याने काही विचारलं नाही, मीच सांगून टाकलं. तो एवढंच म्हणाला, “शिकवलं ते तुझं होतं. ही जागा तुला फक्त दाखवली होती.”

माझ्या पिढीशी माझं भांडण इथेच आहे. कोड कॉपी केला तरी मूळ कोड जागेवर राहतो. ओढा कॉपी होत नाही. सोनं एकदा उचललं की संपलं, मुळं एकदा तुटली की तुटली. ज्ञान आणि ठिकाण या दोन वस्तूंना आपण ‘इन्फो’ हा एकच शब्द लावतो आणि मग दोन्हींना एकच नियम लावतो. सह्याद्रीतल्या धबधब्यांचं काय झालं ते पाहिलंय ना? रीलखाली ‘लोकेशन प्लीज’ म्हणणाऱ्यांतल्या किती जणांनी विचारलं, की पावसात ओढ्याचं पाणी चढतंय हे ओळखायचं कसं?

पण थांबा. हे वाचून जे सीनियर लोक मान डोलावत असतील, त्यांनाही सोडणार नाही. मांजरीने वाघाला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढणं शिकवलं नाही, ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगतात. ऑफिसात या मांजरी मी रोज पाहतो. सिस्टिम कशी चालते हे कागदावर उतरवायचं नाही, म्हणजे आपली खुर्ची पक्की. सोनं शोधणाऱ्यांतही असे आहेत. कुठल्या जंगलात बंदी आहे, कुठे आदिवासींचा वारसा असल्याने खणता येत नाही, हेसुद्धा नवख्याला सांगत नाहीत. याला गुपित जपणं म्हणत नाहीत. हा कद्रूपणा आहे. ठिकाण राखणाऱ्याला मी मानतो, पण पद्धत राखून ठेवणाऱ्याला मानणार नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहायच्या असतील तर एडवर्ड हारग्रेव्ह्ज पाहा. कॅलिफोर्नियात शिकून आलेल्या या माणसाने १८५१ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये जॉन लिस्टर आणि टॉम भावांना माती धुऊन सोनं काढायची रीत शिकवली. इथवर तो गुरू. मग त्या तरुणांना ऑफिरला खरंच भरघोस सोनं सापडलं आणि याने शोध आपल्या नावावर जाहीर केला. सरकारने त्याला दहा हजार पौंड दिले. फायद्यात काढता येईल इतकं सोनं प्रथम लिस्टर आणि टॉम भावांना सापडलं होतं, हे विधिमंडळाच्या समितीने मान्य केलं १८९० मध्ये. एकोणचाळीस वर्षांनी! त्याच १८५१ मध्ये डॉ. केर यांच्या मेंढ्या राखणाऱ्या एका आदिवासी माणसाला पन्नास किलोंच्या आसपास सोनं दिसलं. ते ओळखलं जातं केर यांच्या नावाने.

म्हणून माझी तिसरी मागणी: ज्याच्याकडून शिकलात त्याचं श्रेय द्या. ते द्यायला पैसे पडत नाहीत, तरी सगळ्यात जास्त चोरी त्याचीच होते.

कुणी म्हणेल, ठिकाण लपवणं म्हणजे जुन्यांची मक्तेदारी. मलाही तसंच वाटायचं. पण व्हिक्टोरियाच्या भूगर्भ खात्याचे नकाशे कुणालाही फुकट पाहता येतात. जुन्या खाणी, गारगोटीच्या शिरा, सगळं त्यात आहे. ते वाचता आले तर हजार ओढे तुमचे. पिन मिळाली तर एकच, आणि तोही तुमच्या आधी शंभर जणांनी उकरलेला. नवख्याला परावलंबी ठेवायचं असेल तर त्याला पिन द्यावी.

नंतरचे चार शनिवार मी एकटा जाऊन खड्डे बुजवत होतो. पाचव्या शनिवारी म्हातारा आला, फावडं घेऊन. बोलला नाही. आता आम्ही पुन्हा एकत्र जातो, पण नवा ओढा त्याने मला अजून दाखवलेला नाही. मी विचारलेलंही नाही.

मागच्या महिन्यात पुण्याहून आलेला एक ज्युनिअर म्हणाला, “दादा, एक पिन टाक ना.” मी त्याला कुदळीला लावायचं चुंबक दिलं आणि म्हटलं, शनिवारी पहाटे पाचला तयार राहा.